कल्हईपरीचा गडू

डोंगर जिथे संपतो आणि बांबूचं बेट जिथे सुरू होतं, तिथे करवंदवाडी नावाचं एक टीचभर गाव होतं. त्या गावातल्या अगदी शेवटच्या झोपडीत सगुणा राहायची. तिच्या परकराला ठिगळंच ठिगळं होती, पण ठिगळं तरी कशी, एक लालचुटूक, एक मोरपंखी, एक हळदीच्या रंगाचं. सगुणा धावत सुटली की ते सगळे रंग तिच्याबरोबर धावायचे.

तिचे बाबा देवाघरी गेले होते. घरात आई होती आणि पाळण्यात इवलासा, गोंडस, गुबऱ्या गालांचा बाळू होता. आई रानातून पळसाची पानं आणायची आणि पत्रावळी लावून विकायची. चुलीवर कधी भात शिजायचा, कधी नुसतीच कण्यांची पेज. काही दिवस तर तीही पातळ, अगदी तळ दिसेल अशी.

पण एक गोष्ट त्या घरात कधी चुकली नाही. शेजारच्या पारूमावशीनं वाटीतून काही पाठवलं, की ती वाटी परत जाताना रिकामी जायची नाही. साखर असली तर चिमूटभर साखर, नसली तर कढीलिंबाची दोन पानं, आणि तीही नसली तर अंगणातलं एक जास्वंदीचं फूल.

"रिकामं भांडं परत देऊ नये, सगू," आई म्हणायची. "भांड्याला वाईट वाटतं."

आता भांड्याला कसलं आलंय वाईट वाटणं, असं तुम्ही म्हणाल. सगुणालाही आधी तसंच वाटायचं. पण पुढे काय झालं ते ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा.

बाळूच्या पाळण्यावर एक चिमणाळं टांगलेलं होतं. तुम्ही चिमणाळं पाहिलंय का? नसेलच पाहिलं, हल्ली कुठे असतं ते! लाकडी काड्यांना दोऱ्यानं बांधलेले इटुकले पिटुकले लाकडी पक्षी. मधोमध एक हिरवा राघू, भोवती पिवळ्या मैना, आणि त्यांवर लाखेचा असा चकचकीत रंग की दिवा लावला की पक्ष्यांच्या पोटांवर चांदण्या उतरायच्या. बाबा त्याच चिमणाळ्याखाली निजले होते, बाबांचे बाबाही त्याच्याखालीच निजले होते. वारा आला की पक्षी एकमेकांवर आपटून टिकटिक बोलायचे. बाळू पाय झाडून झाडून हसायचा आणि हसता हसताच झोपी जायचा.

एके दिवशी आईचं पेज शिजवायचं मडकं चुलीवरच तडकलं. सगळी पेज निखाऱ्यांवर सांडली. नेमकी त्याच दिवशी गावात एक गाडी आली.

काळी गाडी, काळे बैल आणि बैलांच्या गळ्यात घुंगरू नाही. गाडीवर त्रिंबकराव बसलेले. उंच, सुकलेले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. बांबूच्या बेटापलीकडे त्यांची मोठी बाग होती आणि जुन्यापान्या वस्तू जमवायचा त्यांना भारी नाद होता. त्यांचा आवाज मोठा विचित्र होता. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा तो घुमायचा.

"जुनं द्या, नवं न्या! जुनं द्या, नवं न्या!"

आईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घरात जुनं असं होतंच काय? त्रिंबकरावांनी दारातूनच बोट दाखवलं. थेट पाळण्यावर.

"ते लाकडी पक्षी द्या. बदल्यात हे कोरं पातेलं न्या."

आईनं क्षणभर विचार केला. पोरं उपाशी होती. पक्षी तर लाकडाचेच होते. तिनं चिमणाळं सोडलं आणि पातेलं घेतलं. तिचं काय चुकलं म्हणा! तुमच्या-माझ्या आईनंही हेच केलं असतं.

त्या संध्याकाळी पातेल्यात पेज शिजली. पण बाळू हसला नाही. रडलाही नाही. तो नुसता पडून राहिला, डोळे सताड उघडे ठेवून, पाळण्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघत. सकाळी सगुणा उठली तेव्हाही तो तसाच होता. दुसऱ्या दिवशी तसाच, तिसऱ्या दिवशीही तसाच. पापणी लवायची नाही, ओठ हलायचा नाही. त्याचे गुबरे गाल उतरायला लागले. आई त्याला मांडीवर घेऊन अंगाई म्हणायला जायची आणि अडखळायची.

"सगू, मला शब्दच आठवत नाहीत गं," ती घाबरून म्हणाली. "कालपरवापर्यंत तर रोज म्हणत होते."

सगुणा पारूमावशीकडे धावली. पारूमावशी उंबऱ्यात गुमसुम बसली होती.

"मी जातं देऊन टाकलं त्या गाडीवाल्याला," ती म्हणाली. "तेव्हापासून एक ओवी आठवेल तर शपथ! परवा माझ्या आईचा चेहरा आठवायला गेले, तर तोही दिसेना."

सगुणाच्या अंगावर सर्रकन काटा आला. वस्तू नुसत्या जात नव्हत्या. जाताना आपल्याबरोबर काहीतरी घेऊन जात होत्या.

"मावशी, मी आमचं चिमणाळं परत आणते," ती म्हणाली, आणि पारूमावशी "अगं थांब" म्हणेपर्यंत ती बांबूच्या बेटात शिरलीसुद्धा.

बेटात दुपारीसुद्धा हिरवा अंधार होता. बांबू एकमेकांना घासून कण्हत होते. ते संपलं आणि पुढे आली बाग. काय सुंदर बाग होती ती! शेंदरी, जांभळी, गुलाबी फुलं, दवानं चमचमणारं गवत, पांढऱ्या चाफ्यांच्या रांगाच रांगा. पण एकाही फुलावर भुंगा नव्हता. एकाही फांदीवर पाखरू नव्हतं. इतकी फुलं असून बागेला वासच नव्हता.

आणि झाडाझाडांमध्ये काचेची कपाटं उभी होती. उंचच उंच, कुलूपबंद, उन्हात लखलखणारी. कपाटांत पितळेची घंगाळं होती, तांब्याचे बंब होते, समया होत्या, कुंकवाचे करंडे होते, सुपारी कातरायचे मोरासारखे अडकित्ते होते. सगळं कसं घासूनपुसून लख्ख.

एका मोठ्या घंगाळात सगुणानं काचेतून डोकावलं. पितळेत तिचा चेहरा दिसायला हवा होता. दिसला एक अनोळखी मुलगा. ओल्या केसांचा, ओठ गच्च मिटलेला. सगुणा डावीकडे सरकली. तो सरकला नाही. तो तिच्याकडेच बघत राहिला.

"त्या घंगाळात तो रोज अंघोळ करायचा," मागून घुमता आवाज आला. सगुणा दचकून वळली. त्रिंबकराव उभे होते. ऊन असून त्यांची सावली अगदी फिकट, पुसल्यासारखी पडली होती. "आता तो बाप्या झाला असेल. ये, बघ. हा फिरकीच्या झाकणाचा तांब्या. लोक काशीला निघाले की यात पाणी भरून न्यायचे, थेंब सांडायचा नाही. हा पांगुळगाडा. याला धरून लेकरं पहिलं पाऊल टाकायची. आणि हे बोंडलं. तान्ह्या बाळाला यातून दूध पाजायचे. चोच बघ कशी नाजूक आहे."

"किती छान आहे!" सगुणा म्हणाली, कारण ते खरोखरच छान होतं. "यातून कोण दूध पितं आता?"

"कुणी नाही. इथल्या वस्तू वापरायच्या नसतात. जपायच्या असतात."

"आजोबा, आमचं चिमणाळं द्या ना. आमचा बाळू झोपत नाही. रडतसुद्धा नाही हो!"

त्रिंबकरावांनी मान हलवली. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा हा मोठा जुडगा लटकत होता, तो खुळखुळला.

"एकदा कपाटात गेलेली वस्तू बाहेर येत नाही, मुली. घरी जा." आणि ते झाडांमागे निघून गेले. त्यांच्या पायांखालचं गवत वाकलंसुद्धा नाही.

सगुणा एका कपाटासमोर मट्कन बसली. तिथेच होतं चिमणाळं! राघूच्या हिरव्या पोटावर एक इवलासा चेहरा चमकत होता. बाळूचा. तो खदखदा हसत होता, पाय झाडत होता, पण आवाज येत नव्हता. बाळूचं हसू काचेच्या आत राहिलं होतं, आणि घरी पाळण्यात नुसता बाळू उरला होता. सगुणाला रडू कोसळलं.

रडता रडता तिला बकुळीच्या झाडाखाली काहीतरी दिसलं. चिखलात रुतलेला, पालथा पडलेला एक लहानसा गडू. अंगावर हिरवा कळंक चढलेला. एवढ्या लखलखाटात त्या एकट्याला कुणी पुसलं नव्हतं, कुणी उचललं नव्हतं.

"अरेरे, तू असा पालथा का रे पडलायस?" सगुणा म्हणाली. स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून तिनं दोन्ही हातांनी माती उकरली, गडू उचलला आणि नीट सुलटा ठेवला.

गडूतून थंडगार वाफ निघाली. वाफेला हात फुटले, केस फुटले, पंख फुटले. बोटभर उंचीची एक परी गडूच्या काठावर येऊन बसली. तिचा अर्धा चेहरा रुपेरी होता, नव्या कल्हईसारखा झळझळीत. पितळेच्या भांड्याला आतून जी चंदेरी झिलई देतात ना, जिच्यामुळे अन्न नासत नाही, ती कल्हई. आणि उरलेला अर्धा चेहरा काळपट हिरवा होता. एक पंख चमचमत होता, दुसरा गळून गेल्यासारखा लोंबत होता. सगुणाला तिची भीती वाटली आणि तितकीच दयाही आली.

"घाबरू नकोस, बाळे," परी म्हणाली. तिचा आवाज चमचा भांड्यावर वाजावा तसा किणकिणता होता. "मी कल्हईपरी. जिथे भांडी रोज घासली जातात, रोज भरली जातात, तिथे मी राहते. कितीतरी वर्षं या पालथ्या गडूखाली अंधारात होते. तू मला उजेड दाखवलास. आता माग, काय हवं ते माग. पण माझे नियम आहेत."

"कोणते गं?"

"इच्छा एकच. ती या गडूत तोंड घालून हळूच सांगायची. आणि आज दिवेलागण व्हायच्या आत हा गडू माझ्या हाती परत आणून द्यायचा."

"एवढंच?"

"आणखी एक नियम आहे. चौथा." परीचा हिरवा गाल थरथरला. "पण तो मला सांगता येत नाही. तो घरूनच शिकून यावा लागतो. त्रिंबकही माझ्याकडे आला होता, तरणाबांड असताना. जे जे जुनं दिसेल ते ते माझं व्हावं, असं त्यानं मागितलं. तीन नियम त्यानं पाळले. चौथा मोडला. तेव्हा हा गडू माझ्यावरच पालथा पडला. आणि त्याला सगळं मिळालं, पण मिळालेल्यातलं काहीच लाभलं नाही. त्याला भूक लागत नाही, फुलांचा वास येत नाही. तू नियम मोडलास तर तुझंही तसंच होईल. चिमणाळं घरी राहील, पण बाळू त्याच्याकडे बघूनही हसणार नाही. कधीच नाही."

सगुणानं गडू उचलला, त्याच्या गार काठाला ओठ लावले आणि कुजबुजली, "आमचं चिमणाळं आमच्या बाळूला परत मिळू दे."

गडू तिच्या हातात कोमट झाला. समोरच्या कपाटाची काच पाण्यासारखी हलली. चिमणाळ्यातल्या राघूनं मान वळवली. मैनांनी लाकडी पंख झाडले, टक् टक् टक्, आणि दोऱ्यांसकट, काड्यांसकट सगळे पक्षी काचेतून उडत बाहेर आले आणि सगुणाच्या ओटीत अलगद बसले.

आणि मग बागभर कुजबुज उठली. प्रत्येक कपाटातून, प्रत्येक भांड्यातून. घंगाळातल्या मुलानं काचेला तळवे टेकले. करंड्यातली एक म्हातारी ओठ हलवत होती. पारूमावशीचं जातं जागच्या जागी घरघरलं. "आम्हालाही ने... आम्हालाही घरी ने..."

"इच्छा एकच होती हो!" सगुणा रडत रडत म्हणाली. "मला माफ करा." आणि ओटी सावरत, गडू छातीशी धरून ती धूम पळत सुटली.

घरी आई पाळण्यापाशी बसली होती, चेहरा उतरलेला. सगुणानं चिमणाळं टांगलं. वाऱ्याची झुळूक आली. टिकटिक, टिकटिक.

बाळूची पापणी लवली. त्याचा खालचा ओठ थरथरला, पुढे आला, आणि त्यानं असं काही भोकाड पसरलं की छपरावरचे कावळे उडाले! आईनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि तीही रडायला लागली, हसत हसत. एवढं गोड रडणं त्या घरानं आजवर ऐकलं नव्हतं. आणि मग आईच्या तोंडून आपोआप अंगाई आली,

"राघू बसला डहाळीवर, मैना बसली पाळण्यावर,
झोप आली पाऊल न वाजवता, बाळाच्या पापणीवर."

बाळू रडता रडता हसला आणि हसता हसता झोपला. सगुणानं खिडकीतून पाहिलं. ऊन अंगणाच्या टोकाला गेलं होतं. दिवेलागण जवळ आली होती.

तिनं गडू उचलला, दारापर्यंत गेली आणि एकदम थबकली. गडू रिकामा होता. रिकामं भांडं परत कसं द्यायचं?

'अगं बाई,' तिच्या मनात आलं, 'हाच तर नसेल तो चौथा नियम?'

तिनं साखरेचा डबा पाहिला. मुंगीलाही पुरली नसती एवढी साखर. कढीलिंब वाळून गेला होता, जास्वंदीला कळीसुद्धा नव्हती. चुलीवर मात्र कण्यांची पेज रटरटत होती, दिवसभरातलं एकुलतं एक जेवण. सगुणाच्या पोटात कावळे ओरडत होते. तिनं आवंढा गिळला आणि आपल्या वाटणीची पेज पळी पळीनं गडूत ओतली. आई बघत होती. आपल्या वाटणीतली एक पळी पेज तिनंही गडूत घातली आणि वर चिमूटभर मीठ टाकलं.

गडूवर पळसाचं पान झाकून सगुणा निघाली. बांबूचं बेट आता काळंशार झालं होतं. कण्हणारे बांबू तिच्या परकराला धरू पाहत होते. ऊन ऊन गडू तिनं पोटाशी घट्ट धरला होता. तेवढीच काय ती ऊब.

बागेच्या फाटकात त्रिंबकराव उभे होते. त्यांनी कपाट रिकामं झालेलं पाहिलं होतं. त्यांचे डोळे दोन विहिरींसारखे खोल दिसत होते. ओरडायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"हा वास कसला?" ते पुटपुटले. "कितीतरी वर्षांत मला कसला वास आला नाही. हा... हा पेजेचा वास आहे."

"हो, आजोबा."

"मुली, मला भूक लागली आहे." हे म्हणताना तो मोठा माणूस लहान मुलासारखा दिसला. "खरंच लागली आहे. एक घोट देशील?"

सगुणा गडू पोटाशी आवळून उभी राहिली. आकाश तांबडं झालं होतं, कडेनं जांभळं. गडू रिकामा झाला तर? बाळू पुन्हा सताड डोळ्यांनी छपराकडे बघत राहिला तर? तिनं त्रिंबकरावांकडे पाहिलं. त्यांच्या कपाटांत शेकडो भांडी होती, आणि त्यांतल्या एकातही या माणसासाठी घासभर अन्न नव्हतं.

"एक घोट घ्या हं, आजोबा," ती म्हणाली आणि तिनं गडू त्यांच्या हातात दिला.

त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं. दुसरा घोट घेतला. त्यांनी गडू दोन्ही हातांनी असा धरून ठेवला होता की सगुणाला तो ओढून घेववेना.

"प्या," ती हळूच म्हणाली. "सगळी प्या."

आणि ते ती सगळी प्याले. तळाची कणीसुद्धा त्यांनी बोटानं पुसून खाल्ली. सगुणानं मान फिरवली. सूर्याची एक बारीकशी कडा तेवढी डोंगरावर उरली होती. घरी परत जायचं आणि पेज आणायची, एवढा वेळच नव्हता.

"कशी चिमूटभर मीठ घातलेली पेज," त्रिंबकराव म्हणाले. त्यांचा आवाज आता घुमत नव्हता. तो साध्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. "माझी आई अशीच करायची." त्यांनी गडू सगुणापुढे धरला, आणि एकदम हात मागे घेतला.

"थांब, थांब. असा कसा देऊ? रिकामं भांडं परत देऊ नये, ती म्हणायची. मी कसा विसरलो? मी कसा गं विसरलो?"

त्यांनी खिसे चाचपले. खिसे रिकामे होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि मग कमरेला हात घातला. किल्ल्यांचा तो मोठा जुडगा त्यांनी ओढून काढला, एकदा मुठीत दाबला आणि गडूत टाकला. खणणण! सगळी बाग त्या आवाजानं दुमदुमली.

"जा, दे तिला," ते म्हणाले. "आणि सांग, त्रिंबकला उशीर झाला."

सगुणा बकुळीकडे धावली. सूर्याची कडा बुडता बुडता तिनं गडू परीच्या चिमुकल्या हातांत ठेवला. परीनं आत वाकून पाहिलं. तिच्या हिरव्या गालावरून कळंक खपली खपलीनं गळायला लागला. लोंबता पंख उचलला गेला. आतून चांदी उमलली.

"चौथा नियम," परी म्हणाली. "पोरी, तू माझ्यासाठी घरातली पेज आणलीस. ती वाटेतच भुकेल्याला पाजलीस. आणि तुझ्यामुळे त्याला त्याची आई आठवली. जा, तुझा बाळू गाढ झोपला आहे. रोज झोपेल, रोज हसेल."

तिनं टाळी वाजवली. किल्ल्या गडूतून चिमण्यांच्या थव्यासारख्या उडाल्या आणि आपापल्या कुलपांत शिरल्या. कट कट कट! कपाटं उघडली. पांगुळगाडा आपला आपण चाकं फिरवत निघाला. जातं घरघरत, गरगरत वाटेला लागलं. समया पेटून पुढे झाल्या, त्यांच्यामागे तांबे, बोंडली, करंडे, अडकित्ते. तिन्हीसांजेच्या निळ्या उजेडात ती सगळी वरात झुलत, किणकिणत बांबूच्या बेटातून घरोघर निघाली. घंगाळातला मुलगा काठावर हनुवटी टेकून हसत होता.

"अरे, थांबा! रिकामे कुठे चाललात?" त्रिंबकराव ओरडले. ते ओंजळी भरभरून बकुळीची फुलं उचलत होते आणि मिळेल त्या भांड्यात टाकत होते. धोतराचा सोगा सुटला, पागोटं पडलं, त्यांना भान नव्हतं. आणि फुलांना वास येत होता! साऱ्या बागेला वास येत होता.

तेवढ्यात बकुळीखाली लख्ख प्रकाश झाला. रुपेरी, मग गुलाबी, मग सोनेरी. सगुणानं डोळ्यांवर हात धरला. बोटांच्या फटीतून तिला दोन झळझळीत पंख दिसले, एक हसरा चेहरा दिसला, आणि मग नुसता प्रकाश उरला. तोही हळूहळू फुलांवर विरून गेला. परी नव्हती.

गवतात गडू होता. सुलटा. सगुणानं तो उचलला आणि तो तिला जड लागला. परीनं तरी रिकामं भांडं कसं परत केलं असतं? तिनं आत पाहिलं. गडू काठोकाठ साखरेनं भरला होता, पांढऱ्या, चमचमत्या साखरेनं.

पुढे करवंदवाडीत घरोघर ओव्या परत ऐकू येऊ लागल्या. पारूमावशीला तिच्या आईचा चेहरा आठवला, नाकातल्या चमकीसकट. रोज कुणी ना कुणी त्रिंबकआजोबांना वाटीतून काहीतरी पाठवायचं, आणि ती वाटी परत यायची ती बागेतल्या फुलांनी भरून. आईच्या पत्रावळी आजोबांच्या बागेतल्या पानांनी दुप्पट होऊ लागल्या आणि सगुणाच्या घरची पेज घट्ट झाली, मग तिचा भात झाला.

आणि तो साखरेचा गडू? त्यातली साखर कधी संपलीच नाही. ती विकून सगुणा राणी झाली नाही, महालात राहायला गेली नाही. पण त्या शेवटच्या झोपडीतून कुणाचंही भांडं परत जायचं असलं की सगुणा गडूत हात घालायची, आणि तिला चिमूटभर साखर मिळायचीच.